तुमचाच आहे, मावशी

रफाह, ४ मार्च १९८८
आलो बाई एकदाचे आमच्या घरात! दोन खोल्या, मागच्या दारी अंगणात लिंबाचं झाड, आणि अंगणाला लागूनच सरहद्दीची तार. तारेनं गाव मधोमध कापलंय, पलीकडे इजिप्त. दुपारी दोन्हीकडचे नातेवाईक तारेशी येऊन ओरडून बोलतात. लग्नं ठरतात, भांडणंही होतात. सासूला मी आत्या म्हणते, ती गल्लीच्या टोकाला राहते. म्हणाली, सूनबाई, आता तुझं भांडण दोन देशांत ऐकू जाईल. जौदत, माझा नवरा, हसून हसून बेजार.

६ मार्च
आज बाळाला, हैसमला, घेऊन तारेशी गेले. पलीकडे एक बाई, काळा झगा, एकटीच. म्हणाली, मी फहीमा, तुझ्या सासूची बहीण, बघू गं पोर. मी त्याला डोक्यावर उचलून धरलं. किती गोड, म्हणाली. मग आपण म्हणतो तसं मी म्हटलं, तुमचाच आहे, मावशी. कुणी बांगडी छान म्हटली तरी म्हणतोच की, तुमचीच. समोरचीनं म्हणायचं असतं, तुलाच लखलाभ. ते काही ती म्हणाली नाही. नुसती हसली.

७ मार्च
आत्याला सांगितलं, तर तिच्या हातातला चहाचा पेला सुटला. फहीमा गेल्या रमजानमध्येच वारली. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी, मला कुणी कळवलंच नव्हतं. आत्यानं तारेआडून तिची मयत नेताना पाहिली. मूलबाळ नव्हतं तिला. आत्या म्हणाली, बये, शब्द मागे घे, आत्ताच्या आत्ता जा. घरी येते तोवर भोंगा झाला. संचारबंदी. बाहेर पाऊल टाकलं की सैनिक गोळी घालतात. जौदत कामावरच अडकलाय.

९ मार्च
अजून बंदच. मागच्या खिडकीतून ओरडले, मावशी, मी आपलं रीत म्हणून म्हटलं होतं! सैनिक खेकसला. ती तारेपलीकडे उभी होती. हलली नाही.

१० मार्च
ती तारेच्या अलीकडे आहे. लिंबापाशी. सैनिक तिच्यासमोरून गेले, बघितलंसुद्धा नाही.

११ मार्च
मागच्या दाराला कपड्यांची जड पेटी सरकवून लावली. पुढे सैनिक, मागे ती. जाऊ कुठे — हैसम माझ्या हाकेला बघत नाही. दाराकडे बघून खुदखुदतो.

१२ मार्च
भर दुपार. पेटी जागच्या जागी. दार बंद —
तो दोन्ही हात वर करतोय, कडेवर घे म्हणताना करतो तसे — माझ्याकडे पाठ त्याची —
एका हातानं धरलंय मी त्याला. कुणीतरी ओढतंय, हळूच, पाहुणी घेते तसं — म्हणतेय, सोड गं, तूच तर दि