वजा आठ

१२ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. गाडीत खिडकी मिळाली. निघताना घाईत सांगितलं ते नीट लिहून देते, म्हणजे टीव्ही-रेडिओचा आवाज स्पीकरवर आणणाऱ्या त्या रिसीव्हरसाठी दर वेळी फोन करायला नको. फोनवर तुम्ही नुसतं हो हो म्हणता आणि मग आईला विचारता.

रिसीव्हरमध्ये मी एकच बदल केला आहे. आतापर्यंत रेडिओ गच्चीवरच्या एरियलवरून यायचा आणि लिफ्ट चालू झाली की खरखरायचा. आता तेच स्टेशन डिजिटल येईल. डावीकडचं मोठं बटण फिरवून पडद्यावर ‘रेडिओ’ आणा. ते ‘टीव्ही’ आणि ‘डिस्क’ यांच्या मधे आहे. मग रिमोटवर १ दाबलंत की बातम्या, २ म्हणजे वाद्यसंगीत, ३ आईचं. आकडा दाबल्यावर चार सेकंद काहीच ऐकू येणार नाही. थांबा. परत दाबलंत तर ते पुन्हा पहिल्यापासून चार सेकंद घेतं.

टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी मागची बारीक काळी केबल साधी वायर नाही, तिच्यातून उजेड जातो. फडकं मारताना ती वाकवू नये, हे आईलाही सांगा.

रेडिओवरचे तासाचे ठोके आता भिंतीवरच्या घड्याळापेक्षा दोन सेकंद उशिरा येतील. घड्याळ पुढे गेलेलं नाही, डिजिटल मागे असतं. घड्याळाला हात लावू नका.

‘सेटअप’ नावाच्या यादीत मात्र शिरू नका. तिथे चुकून काही दाबलं गेलं तर मला यावं लागेल.

गुडघ्याला शेक चालू ठेवा. लोभ आहेच, तो तसाच चालू राहावा.

तुमची,
मापाडी

*

१२ जानेवारी

ती. आईला,
सा. न. वि. वि.

मुद्दाम तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर लिहिते आहे. घरी आलेलं पत्र बाबा आधी फोडतात.

तू सांगितलंस तसं केलं. बाबा बातम्या पंचेचाळीसवर लावतात आणि त्यात एकानेही बदल करत नाहीत, हे चार दिवस पाहिलं. म्हणून फक्त रेडिओचा आवाज आतून आठ अंशांनी खाली आणला आहे. पडद्यावर पंचेचाळीसच दिसेल, ऐकू येईल सदतीसइतकं. खालच्या नर्सबाईंना रात्रपाळीनंतर झोप मिळेल आणि छताला झाडूचा दांडा ठोकावा लागणार नाही. टीव्ही जसा होता तसा आहे.

मला हे पटलेलं नाही. सरळ सांगितलं असतं तर ते दोन दिवस फुगून बसले असते, तिसऱ्या दिवशी विसरले असते. पण तू म्हणालीस, चाळीस वर्षं कानावर पोट भरलेल्या माणसाला तुमचा रेडिओ फार मोठा असतो म्हणणं म्हणजे तोंडावर बहिरा म्हणणं. तेही खरं असेल.

निघताना बाबांनी विचारलं, झालं का सगळं. मी हो म्हटलं आणि पायमोजे शोधायला लागले. ते पायातच होते.

पत्र वाचून फाड. माया असू दे.

तुझी,
मापाडी

*

२० जानेवारी

चि. मापाडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भिंतीला लावलंय. औषधाच्या बाटलीबरोबर येतो ना कागद, तसंच वाटतं. प्रेमाचा मजकूर सगळ्यात खाली आणि बारीक. दुधाच्या पेल्याला पट्टी लावून भावापेक्षा कमी दिलं म्हणून रडणारी मुलगी मोठेपणी दुसरं काय लिहिणार? मापाडी नाव मी उगाच नाही ठेवलं.

लिफ्ट बातम्यांतून गेली. थोडं चुकल्यासारखं होतं. चार सेकंद मी अगदी शिस्तीत थांबतो. एवढ्या वेळात माणसाचा आयुष्याचा हिशेब होतो. मागच्या उजव्या स्पीकरवर तुझ्या आईने कुंडी ठेवलीय. मी विरोध केला, पण रोपाला वाद्यसंगीत मानवतंय असं दिसतं, नवीन पान आलंय.

पुढच्या महिन्याच्या अखेरीस सभागृहात मोठी मैफल आहे. पाहुणी वादक फार चोखंदळ आहे म्हणे. पियानो अर्थात मीच जुळवणार. एकतीस वर्षं झाली, त्या पियानोची एकेक तार मला तुझ्या मामांपेक्षा जास्त ओळखते.

एक विचारायचं होतं. आवाजाच्या आकड्यात तू काही फेरफार केलास का? पूर्वीचा पंचेचाळीस आणि आताचा पंचेचाळीस एकच ना? सहज विचारतो. पण उत्तर लिहूनच पाठव. फोनवर तुझी आईच बोलते, आणि तुझ्या लिहिण्यावर माझा भरवसा आहे.

आई बरी आहे. जेवत जा वेळेवर.

तुझा,
बाबा

*

२५ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आवाजाला मी हात लावलेला नाही. पूर्वीचा पंचेचाळीस आणि आताचा एकच. डिजिटल रेडिओत खरखर नसते, त्यामुळे काही लोकांना सुरुवातीला आवाज कमी झाल्यासारखा वाटतो. सवय होईल.

आमच्या प्रयोगशाळेत या महिन्यात स्पीकर मोजायचं काम फार आहे, म्हणून पत्र लहान. कुंडी स्पीकरवरून काढायला सांगा, पाणी आत जाईल.

लोभ आहे तो राहावा.

तुमची,
मापाडी

*

१६ फेब्रुवारी

चि. बाळास,
आशीर्वाद.

वाचनालयात टेबलाशी बसून लिहितेय. समोर दोन आजोबा एका वर्तमानपत्राची दोन टोकं धरून बसलेत, त्यामुळे अर्ध्यात कुठे तुटलं तर समजून घे.

बाबांनी काम सोडलं. सोमवारी सभागृहाला चिठ्ठी दिली की यापुढे दुसरा माणूस बघा. मैफलीचाही पियानो जुळवणार नाहीत. तारा पिळायची किल्ली, स्वर देणारे नादकाटे, तारांमध्ये घालायच्या लोकरीच्या पट्ट्या, सगळी पिशवी व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या बाईंना देऊन आले. मला म्हणाले, गुडघा ऐकत नाही. गुडघा काय आज दुखतोय? मी कपाट आवरायच्या निमित्ताने पाहिलं तर एक वही मिळाली.

तू तो रिसीव्हर आणलास तेव्हापासूनची, तीन वर्षांची वही. रोज पहाटे, घरात कोणी उठायच्या आधी, तासाच्या ठोक्यांना हे आवाज एकेकाने खाली आणत जातात आणि ज्या आकड्याला शेवटचा लांब ठोका जेमतेम ऐकू येतो, तो आकडा लिहून ठेवतात. पहिल्या पानावर एकोणीस. मग वीस, एकवीस, डिसेंबरात तेवीस. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एकतीस. आणि पुढे रोज एकतीस, एकतीस. पहिल्या पानावर वर लिहिलंय: तीस ओलांडले की किल्ली खाली.

तुझे आजोबाही पियानो जुळवायचे, तुला माहीत आहे. शेवटचं वर्षभर त्यांना धड ऐकू येत नव्हतं आणि ते जुळवत राहिले. वाजवणारे हसायचे, पण तोंडावर कोणी बोललं नाही. बाबांना ते शाळेतल्या एका मुलाकडून कळलं होतं. त्या गोष्टीबद्दल ते कधी बोलत नाहीत, म्हणून मला वाटायचं विसरले.

तुझे ते आठ म्हणजे काय, हे मला वही हातात धरून कळलं.

पण खरं सांगू? जिने चढणं थांबलं. दुपारी जरा आडवे होतात. पासष्टी उलटली, आज ना उद्या सोडायचंच होतं. पुढच्या वेळी आलीस की हळूच ते आठ काढून टाक, म्हणजे त्यांना वाटेल कान सुधारला. सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही गं.

एक मात्र आहे. आता ते बातम्या लावतच नाहीत. परवा खालच्या नर्सबाई वर आल्या. विचारत होत्या, काका बरे आहेत ना, रेडिओ ऐकू येत नाही.

तुझी,
आई

*

२० फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

रिसीव्हरच्या ‘सेटअप’मध्ये शिरा. मी जाऊ नका म्हटलं होतं तिथेच. ‘सोर्स लेव्हल’ अशी ओळ आहे. तिच्यात ‘रेडिओ’समोर वजा आठ दिसेल. ते मी केलं आहे, ११ जानेवारीला, तुम्ही आंघोळीला गेला होता तेव्हा. तुमचा रेडिओ त्या दिवसापासून प्रत्येक आकड्याला आठने कमी वाजतो आहे. कारण खालच्या नर्सबाईंची झोप. विनंती आईची होती, हात माझा होता, आणि तुम्ही लेखी विचारल्यावर दिलेलं खोटं उत्तर माझं एकटीचं होतं. ते लिहिताना मला तुमच्या वहीची कल्पना नव्हती. कल्पना नसल्याने ते खरं होत नाही.

वहीबद्दल आईने लिहिलं. सांगू नकोस असंही लिहिलं. तिचा शब्द मी मोडते आहे, तिला वेगळं कळवलं आहे.

आता हिशेब. एकतीसमधून माझे आठ वजा केले की तेवीस. तुमची रेघ तिसावर होती. तुम्ही ती ओलांडलेली नाही. पण तीन वर्षांपूर्वी एकोणीस होते. ते चार माझे नाहीत, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून ते मी माझ्याकडे घेणार नाही. शिवाय डिजिटलचे ठोके पूर्वीपेक्षा थोडे कमीजास्त असू शकतात, तेव्हा तेवीसही पक्के धरू नका. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन नीट तपासून घ्या.

प्रयोगशाळेत एखादं माप अचानक बदललं तर आधी यंत्र तपासायचं, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं. तुम्ही तेच केलंत. मला विचारलंत. चुकलेलं यंत्र मीच होते.

सभागृहाला मी पत्र लिहू का? तुम्ही सांगितलंत तरच लिहीन.

तुमची,
मापाडी

*

३ मार्च

चि. मुलीस,
आशीर्वाद.

पत्र मिळून नऊ दिवस झाले. पहिले चार दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तुझ्या आईशीही बोललो नाही. ती बिचारी पाण्याचा पेला ठेवून निघून जायची, जशी काही खानावळ. पाचव्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं. वरचे स्वर गेलेत थोडे. मधले शाबूत आहेत. म्हणाले, वयाच्या मानाने छान आहे. वयाच्या मानाने हे शब्द मी गिऱ्हाइकांना त्यांच्या पियानोबद्दल चाळीस वर्षं सांगत आलोय, त्यांचा अर्थ मला कोणी शिकवायला नको.

मैफलीला गेलो होतो. तिकीट काढून, शेवटच्या रांगेत. नवीन माणसाने काम चांगलं केलंय, हात हलका आहे. पण उजवीकडे वर एका स्वराच्या तीन तारांतली एक सुटलेली होती, आवाज लाटेसारखा हलत होता. मध्यंतरात लोक त्याला वा वा म्हणत होते. मी आत जाऊन त्याला सांगितलं. लाल झाला. मग झाकण उघडून पाहिलं आणि तार ओढून घेतली. मला म्हणाला, उपकार झाले. माझ्या वडिलांना असं सांगणारं कोणी नव्हतं.

सभागृहाला पत्र लिहू नकोस. तो पियानो गेला तो गेला, आता त्या माणसाच्या पोटावर पाय देणार नाही. पिशवी मात्र परत आणली. व्हायोलिनवाल्या बाईंनी ती उघडलीसुद्धा नव्हती. म्हणाल्या, येणार हे माहीतच होतं, पण तीन आठवडे लावाल असं वाटलं नव्हतं. शाळांचे पियानो मी करीन. तिथे वरच्या तारा कोणी फारशा वाजवत नाही.

सेटअपमध्ये शिरलो. वजा आठ पाहिले आणि तसेच ठेवले. नर्सबाईंना झोपू दे. वहीत नव्या पानावर लिहिलंय, रोजच्या आकड्यातून आठ कमी करणे. मला एकदा विचारलं असतंत तर मीच केले असते. कदाचित फुगून बसून, पण केले असते.

तू खोटं लिहिलंस ते मात्र वहीत वजा करता येत नाही. ते राहील. या घरात बऱ्याच गोष्टी राहतात, तीही राहील.

एक काम आहे. सुट्टी काढून ये. मी रिसीव्हरकडे पाठ करून बसेन. घड्याळ उतरवून ठेवीन, ते दोन सेकंद आधी चुगली करतं. दर तासाच्या ठोक्यांना बटण तू फिरवायचं, मला न सांगता. ऐकू आलं की मी बोट वर करीन. आकडा डोळ्यासमोर असला की माणसाला हवं ते ऐकू येतं, नाहीतर ज्याची भीती वाटते ते. सकाळभर बसावं लागेल. बघ जमतंय का.

तुझा,
बाबा

ता. क. कुंडी काढलीय. त्यांनी आज बातम्या लावल्या, पंचेचाळीसवरच. पत्र मी नेऊन टाकते आहे, त्यांनी दिलं. तुझी आई.

*

७ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

१४ तारखेला येते. तीन दिवसांची सुट्टी मिळाली आहे, म्हणजे तीन सकाळी.

पत्राच्या वर तुम्ही मापाडी लिहिलं नव्हतं. मी पाकीट उलटून पाहिलं, बाहेरही नव्हतं. ते बरोबर आहे.

बटण मी फिरवीन. आईने शेजारी बसून आकडा तिच्याही डोळ्यांनी पाहावा आणि वहीत तिने लिहावं. आठ वजा करायचं काम तिचं. तुम्ही बोट वर कराल तेव्हा जो आकडा असेल तो मी मोठ्याने वाचीन. वजा करून तिसाच्या वर आला तरी तोच वाचीन.

लोभ असावा हे लिहायचं या वेळी धाडस होत नाही. तुमच्या मनात येईल तेव्हा असावा.

तुमची,
मुलगी