कोल्ह्यासाठी कोणती बंदूक

९ फेब्रुवारी १९८४, गुरुवार

शेतीसाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज मलाच भरावा लागला. घरात पदवीधर मी एकटी. पावटा ससे खातात, कलिंगडं कोल्हे फोडतात. बंदुकीच्या प्रकाराचा रकाना आला तेव्हा मी पॉइंट टू-टू रायफल सुचवली. गोळी लहान, म्हणजे क्रूरपणाही कमी, नाही का?

बाबा हसले. "सशाला पुरे गो. कोल्हा तिने मरायचा नाय, पाय ओढीत फिरायचा. छऱ्याची बारा बोअर जवळून मारली, की जागच्या जागी."

मागच्या वर्षी विहिरीपाशी यायचा तो लंगडा कोल्हा आठवला. त्याच्यासाठी मी पाणी ठेवायचे. तो लंगडा कशाने झाला, हे कधी विचारलंच नाही.

रकान्यात 'बारा बोअर' लिहिलं. एरवी माझं अक्षर चांगलं येतं.