काठी चुकून लागली नव्हती

२८ नोव्हेंबर. फिनलंड. उणे चौदा.
सीझनची पहिली शर्यत परवा. संकल्प: या हिवाळ्यात कोणावरही हात उगारायचा नाही. वास्तविक मला अशा संकल्पाची गरज नाही. मी स्वभावाने शांत आहे. शाळेत भाषा आणि बल्गेरियाच्या बायथलॉन (स्की व रायफल यांची शर्यत) संघाला आयुष्यभर नेमबाजी शिकविणारा मनुष्य शांत नसेल, तर कोण असेल? परंतु मुख्य प्रशिक्षक प्लामेन (शाळेतला माझाच विद्यार्थी, वाक्ये अजूनही अर्धवट सोडतो) बसमध्ये शेजारी येऊन बसला. म्हणाला, "मास्तर, गेल्या वर्षीचे ते दरवाजे, आणि तो फोटोग्राफर. यंदा कुणाला हाणलंत, तर फेडरेशन तुम्हाला..." पुढचे त्याने गिळले. मी ते मनातल्या मनात, क्रियापदासह, पूर्ण केले.

नात रालित्सा हिचे हे निर्णायक वर्ष. सीझनअखेर एकूण गुणांत पहिल्या साठ जणींत आली, तर संघात राहील. न आल्यास फेडरेशन रायफल परत घेईल आणि ती बापाच्या हॉटेलात चादरी बदलील. माझ्या देखरेखीखाली असे घडणे अशक्य.

३० नोव्हेंबर.
रालित्साच्या पाच गोळ्या चुकल्या. प्रत्येक चुकीला दंडाची एक फेरी. इतर मुली शर्यत संपवून सूप पीत होत्या, तरी ही वरातीसारखी मैदानात फिरतच होती. मी पूर्णपणे शांत. दुर्बिणीची तिपाई मात्र निकृष्ट निघाली. साध्या लाथेने तिचा पाय मोडला व दुर्बीण लाटव्हियाच्या प्रशिक्षकाच्या पायावर पडली. त्याने केवढा आकांत केला. लोकांना संयम म्हणून नाही.

२ डिसेंबर. सकाळी.
विचाराअंती निष्कर्ष: दोष नेमाचा नसून मेणाचा आहे. स्की घसरत नाहीत, म्हणून मुलगी धापा टाकत येते, म्हणून रायफल हलते. मेणाच्या खोलीत जाऊन, संघाच्या स्कींना मेण लावणाऱ्या गान्चोला हे तर्कशुद्ध रीतीने, त्याचे बखोट धरून, समजावले. तो इस्त्रीने स्कीच्या तळात मेण जिरवीत होता. त्याने इस्त्री माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाला, "मास्तर, मागं व्हा. ही दीडशेवर आहे, आणि मीपण."
चर्चा उपयुक्त झाली. कोटाची उजवी बाही जळाली.

१३ डिसेंबर. ऑस्ट्रिया.
वाऱ्याचा दिवस. शर्यतीपूर्वी नेम जुळविताना मी मागून सांगितले, दोन क्लिक डावीकडे. रालित्साने दोन क्लिक डावीकडे केले. नंतर वारा फिरला. यात माझी चूक कोणती? चूक वाऱ्याची. तीनदा मोठ्याने सांगूनही तो ऐकेना, तेव्हा मी वाऱ्याची दिशा दाखविणारी लाल झेंडी मुळासकट उपटली आणि गुडघ्यावर मोडली. नंतर तिच्या शेजारचीही, कारण तीही तेच सांगत होती.

पंचांनी लेखी ताकीद दिली. जर्मन व्याकरण निर्दोष होते. वाचून बरे वाटले.

संध्याकाळी रालित्सा खोलीत आली. म्हणाली, "आजोबा, तुम्ही मागून ओरडता ना, तेव्हा माझं बोट आधीच दाबलं जातं." मी तिला समजावले की मी ओरडत नाही, मी स्पष्ट उच्चारतो. ती वळून गेली. दार जरा जोरात लागले. घराण्याचा स्वभाव, तिच्या आजीकडून आलेला असावा.

१५ डिसेंबर.
बढती. प्लामेनने सांगितले, नेमबाजीच्या मैदानावर माझी आता आवश्यकता नाही. शर्यती चढावर जिंकल्या जातात, आणि चढावर अनुभवी माणूस हवा. कामाचे स्वरूप: सर्वांत कठीण चढाच्या माथ्याशी स्कीची जादा काठी घेऊन उभे राहणे, आपल्या खेळाडूची काठी मोडली, तर तत्क्षणी हाती देणे. हे सांगताना त्याने माझ्या डोळ्यांत पाहिले नाही. कृतज्ञतेचे ओझे होते, ते असे.

१० जानेवारी. जर्मनी. दाट धुके.
चढावर प्रेक्षकांची झुंबड. माझ्या मागे एक धिप्पाड मनुष्य गाईच्या गळ्यातील घंटा माझ्या कानाशी अखंड बडवीत होता. मी दोनदा विनंती केली. "आजोबा, मजा करा की," असे काहीतरी तो म्हणाला. तिसऱ्या विनंतीस मी घंटा त्याच्या हातून हिसकावली आणि धुक्यात भिरकावली. काही क्षणांनी धुक्यातून एक किंचाळी आली. पाच वर्षे रायफल हाती घेतलेली नाही, तरी हात बसलेला आहे, याचे समाधान वाटले.

हात उगारला नाही. फेकणे व उगारणे या भिन्न क्रिया होत.

रालित्सा: दोनच चुका. पहिल्यांदाच गुण मिळाले. चढावरून माझा प्रभाव अधिक पडतो, हे सिद्ध झाले. (ती मला पाहू शकत नव्हती. धुके.)

२४ जानेवारी. इटली.
हा दिवस सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण लोक तो चुकीचा सांगतील.
चढावरची माझी जागा मी सकाळीच बुटाने आखून ठेवली होती. कॉफी पिऊन येतो, तो तिथे नॉर्वेचा काठीवाला तोरगाइर. लाल दाढी, माझ्या निम्म्या वयाचा, चेहऱ्यावर हसू. मी सांगितले, ही जागा माझी. तो म्हणाला, चढ सगळ्यांचा आहे, काका. आणि मोठ्या मनाने, अगदी बोटभर, सरकला. बोटभर! तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, हे शाळेत मुलांना शिकविताना मी उदाहरणासाठी अडत असे. यापुढे अडणार नाही.

जादा काठीचा पहिला फटका त्याच्या खांद्यावर. दुसरा नाकावर. दुसऱ्या फटक्याला काठीचे दोन तुकडे झाले. त्याची टोपी बर्फात, टोपीत रक्त. त्याने मला मिठीत आवळले. मी त्याचा कान पकडला. आम्ही दोघे जाळीवर आदळलो आणि जाळी खाली बसली. नेमक्या त्याच वेळी खालून हाक आली.
"आजोबा, काठी!"
वळणावर कोणीतरी तिच्या काठीवर पाय देऊन ती मोडली होती. रालित्सा एकाच काठीने, तिरपी होत, चढ चढत होती. मी धावलो आणि हातात होते ते पुढे केले. अर्धी काठी. खालची अर्धी, मूठसुद्धा नाही.
तिने ती घेतली नाही. वेगही कमी केला नाही. फक्त पाहिले.
तोरगाइर गुडघ्यांवर होता, नाकातून धार लागलेली. त्याने आपली जादा काठी उचलली, चार पावले पळत गेला आणि तिच्या हातात खुपसली. नॉर्वेची काठी, तिला दोन बोटे लांब. तिने ती घेतली आणि ती माथ्यावरून दिसेनाशी झाली.
चौतिसावी आली. या सीझनमधील सर्वोत्तम. माणसाच्या मनात वेळीच धाक बसविला की तो लगेच मदतीस प्रवृत्त होतो.

२५ जानेवारी.
पंचांसमोर चौकशी. तीन माणसे, एक हीटर. तोरगाइरच्या नाकात कापूस. त्याने आपणहून सांगितले की, जागा अरुंद होती, काठी चुकून लागली, त्याची तक्रार नाही. प्रमुख पंचाने सुटकेचा श्वास सोडला व लिहिले: अनवधानाने. ताकीद देऊन सोडले. प्लामेनने बाहेर माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

मी गाड्यांपर्यंत चालत गेलो. पुढे पाय उचलेना. अनवधानाने! ज्याने आयुष्यभर नेम शिकविला, त्याच्या हातून काठी चुकून लागते, असे कायमचे लिहिलेले राहणार? परत गेलो. दार न ठोठावता उघडले आणि उभा राहून सांगितले, "दुरुस्ती करा. काठी चुकून लागली नव्हती. मी नेम नाकावर धरला होता आणि ती नाकावरच बसली."
तोरगाइर हळूच म्हणाला, "गप्प बसा ना, काका."
प्रमुखाने विचारले, विधान मागे घ्यायचे आहे का. मी म्हणालो, आधीचा फटका खांद्यावर होता, तोही नोंदवा.

उर्वरित सीझनसाठी बंदी. प्लामेन बाहेर बर्फात बसला होता. मी त्याला म्हणालो, सत्याचा विजय झाला. त्याने मूठभर बर्फ घेऊन स्वतःच्या तोंडावर चोळले.

९ फेब्रुवारी. घरी.
संघाने मला विश्रांती दिली आहे. वेळ सत्कारणी लावीत आहे: सरपण फोडतो. प्रत्येक ओंडक्याला एक चेहरा असतो, असे आढळले. बायको स्वेताना स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पाच हिवाळ्यांचं झालं. आता कुंपणाला हात लावू नका." कुंपण काल संपले.

रालित्साला रोज फोनवर सूचना देतो. ती उचलत नाही. पर्वतांत नेटवर्क कच्चे असते.

२० मार्च. दुपारी.
शेवटची शर्यत, नॉर्वेत. टीव्हीसमोर बसलो. माझे हात गुंतलेले राहावेत म्हणून स्वेतानाने लसूण कुटायला दिला. रालित्सा साठाव्या क्रमांकाच्या काठावर. अखेरची उभ्याने नेमबाजी. पाचही लागल्या तर संघात, एक चुकली तर चादरी.
पहिली लागली. दुसरी. तिसरी. चौथी.
आणि पाचवीपूर्वी तिने रायफल खाली घेतली. खाली! सगळ्या जगासमोर, एखादी बाई पिशवी खाली ठेवते तशी. एक श्वास घेतला. दुसरा घेतला. बाकीच्या निघून चालल्या होत्या. मी असे कधीही शिकविलेले नाही. मी स्पष्टपणे उच्चारले, "मार!", आणि पितळी बत्ता सरळ पडद्यातून आत गेला.
अंधार. लसणाचा वास.

प्लामेनचा फोन बंद. शेजारच्या घरातून मोठा ओरडा ऐकू आला; आनंदाचा की दुःखाचा, ते भिंतीतून कळेना. स्वेताना शेजारी गेली. तासाभराने आली, ओठांना केकची साखर. म्हणाली, "लागली. तुम्ही काचा उचला."
पडद्याचे नुकसान झाले. परंतु बत्ता आणि गोळी यांची वेळ तंतोतंत जुळली, हे केवळ योगायोगाने होत नाही.

२६ मार्च.
रालित्सा घरी आली. उन्हाने नाक सोललेले. पुढील सीझनचे नियोजन मी तयार ठेवले होते: माझे मैदानावर पुनरागमन, नवी तिपाई, लोखंडी.
जेवताना तिने चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा तोडला, तो खाल्ला नाही. म्हणाली, "आजोबा, पुढच्या वर्षी तुम्ही येऊ नका. फेडरेशन घ्यायला तयार होतं. मीच नको म्हटलं."
मी टेबलाची कड धरली. टेबल जुने आहे, अक्रोडाचे, उलथायला सोपे. वाट पाहिली. राग येईना. आणखी थोडी वाट पाहिली.
"बरं," म्हणालो.
स्वेताना घाबरली. उठून तिने माझ्या कपाळावर हात ठेवला.
ताप नव्हता.