वाकोल्याच्या आईला दिलेलं उत्तर

बाबा,

आज तुमच्या घाटकोपरच्या शाळेत गेले होते. शाळेचा एकमेव अ‍ॅडमिरल म्हणून तुमचा मोठा फोटो आता ऑफिसबाहेर लावलाय, पांढऱ्या गणवेशातला, पदकांसकट. मुलांसमोर बोलायचं होतं. आजोबा गिरणीत होते, डोंगरावरच्या चाळीत तुम्ही खालून पाणी भरून आणायचात नि मग अभ्यासाला बसायचात, हे सगळं सांगितलं. नेव्हीत निवड झाल्यावर आजी रडत म्हणाली होती, "समुद्रावर नको रे, बँकेत बघ काहीतरी," त्यावर मुलं हसली. मग मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "मॅडम, ती आगीची गोष्ट सांगा ना, जहाज वाचवलं ती." मी सांगितली. पेपरात आली होती तेवढीच.

तेव्हा मी कॉलेजात होते. तुम्ही कॅप्टन होतात, पहिल्यांदाच मोठं जहाज हाताखाली आलं होतं, आणि आपण कांजूरमार्गच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. इंजिन रूममध्ये आग लागली. खालचे सगळे वर आले, एक खलाशी पोरगा सोडून. त्याला आणायला उतरलेले दोघं भाजून परत आले. आग दारूगोळ्याच्या दिशेनं सरकत होती. मग तुम्ही दार बंद करून आत गॅस सोडायला सांगितलं. त्या गॅसनं आग विझते, आणि आतला माणूसही वाचत नाही. बाकीचे सगळे घरी आले. चौकशीत तुमचा निर्णय बरोबर ठरला.

चौकशी संपली आणि तुम्ही त्या पोराच्या आईला भेटायला वाकोल्याला निघालात. माझी आई म्हणाली, "जाऊन काय सांगणार आहात तिला?" तुम्ही मला म्हणालात, "चल गं." साधा शर्ट घातलात, सरकारी गाडी नको म्हणालात. रिक्षानं गेलो.

ती बाई दारातच तांदूळ निवडत बसली होती. आपल्याच बाजूची, मालवणकडची. तिनं आरडाओरडा केला असता तर तुम्हाला सोपं गेलं असतं. तिनं स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला. तुम्ही उभ्यानंच म्हणालात, "दार माझ्या हुकमानं बंद झालं." ती चहाकडे बघत म्हणाली, "बाकीच्यांचीय पोरां होती, कळता माका." कप तुमच्या हातात दिल्यावर मात्र तिनं विचारलं, "शेवटाक माझ्या झिलान हाक मारल्यान काय, साहेब?"

मी तुम्हाला घरात कधी मालवणी बोलताना ऐकलं नव्हतं. आजोबांशीसुद्धा तुम्ही शाळेतलं मराठी बोलायचात. त्या दिवशी खाली बसलात आणि म्हणालात, "नाय गे आये. धूर इलो नि तो निजलो." ती तुमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरा झाला सांगल्यात."

परत येताना रिक्षा सिग्नलला थांबली होती. तुम्ही समोर बघत म्हणालात, "मारत होता हाका." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "खालून वर कॅप्टनच्या ब्रिजवर फोन असतो. मीच उचलला. साहेब, मी दाराशी आलोय, उघडा, म्हणत होता. गॅस सोडल्यावरही बोलत होता. मी फोन खाली ठेवला नाही."

मी विचारलं, "उघडलं असतं तर आग नक्की बाहेर आली असती?"

"चौकशीत मी हो म्हणालो," तुम्ही म्हणालात. आणि मग, "तुझ्या आईला बोलू नकोस."

नाही बोलले. आई हे न कळताच गेली. तुम्ही कमोडोर झालात, मग रिअर अ‍ॅडमिरल. प्रत्येक वेळी घरात पेढे आले आणि प्रत्येक वेळी मी तुमच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. निवृत्तीनंतर मुलुंडच्या या फ्लॅटमध्ये फोन वाजला की तुम्ही गॅलरीत जाऊन उभे राहायचात. शेजारी म्हणायचे, साहेब आहेत शेवटी, स्वतः कशाला फोन घेतील! शेवटच्या आजारात, शुद्धीत असताना, तुम्ही मला विचारलंत, "उघडलं का?" मी म्हटलं, "हो बाबा, उघडलं." तुम्ही अगदी ऑफिसरच्या आवाजात म्हणालात, "खोटं सांगू नकोस." तेच तुमचं शेवटचं वाक्य. मी हात धरून बसले होते. त्याचा तुम्हाला काही उपयोग झाला असेल असं मला वाटत नाही.

वाकोल्याची ती आई तुमच्या आधीच गेली. शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची म्हणे, माझा झील झोपेत गेला.

आज शाळेतून आल्यापासून बसून आहे. स्वयंपाकही केला नाही. त्या पोराचा आवाज मी कधी ऐकला नाही, तरी इतकी वर्षं ऐकतेय. आणि तुम्ही दार उघडू शकला असतात की नाही, ते आता सांगणारं कोणी उरलं नाही. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. बाबा, त्या बाईला जे सांगितलंत तेच मलाही सांगायचंत. मी विश्वास ठेवला असता.