मनात काही आहे का?

१४ नोव्हेंबर, गुरुवार दुपार

प्रिय ठकू,

आईचा सलाम. प्रभू तुझ्याजवळ असो.

मैत्रिणीच्या खोलीत सकाळचं ऊन येतं असं कळवलंस, बरं वाटलं. गाद्यांना ऊन दाखवत जा. इकडे ठीक आहे. बाबांचा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, जिना उतरल्यावर बाबा. आमच्या दातांच्या दवाखान्यात नवी खुर्ची आली आहे. बटण दाबलं की माणूस झपकन आडवा होतो आणि घाबरून तोंडच मिटून घेतो. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, "तोंड उघडायचं बटण कुठाय ते विचारा हो कंपनीला."

हे पत्र मी बाबांच्या सांगण्यावरून लिहायला बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. चर्चचे पाळकसाहेब आणि पाळकीणबाई येऊन गेले. तू नवऱ्याकडे परत जावंस, आणि जात नाहीस तोवर प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊ नयेस, असं ठरलं आहे. पाळकीणबाई माझा हात धरून म्हणाल्या, "लेकीला आईच सांगू शकते हो. बाईनं थोडं सोसलं की घर उभं राहतं." थोडं म्हणजे किती, असं ओठांवर आलं होतं. मी बिस्किटं पुढे केली.

जावईबापू दर रविवारी चर्चला येतात. गायला पुढेच उभे असतात आणि आवाज अजून तसाच गोड आहे. उपासना संपली की बायका त्यांच्या हातात डबे देतात. एकटा पुरुष, बिचारा. मला पाहिलं की वाकून "आई" म्हणतात. मी "बरे आहात ना" म्हणते.

किती वेळ मी इकडचं तिकडचं लिहिते आहे.

प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात मंडळीचे वडीलजन घरोघर जाऊन विचारतात ना, "मनात कुणाविषयी काही आहे का?" आणि सगळे "काही नाही" म्हणतात. आपल्या घरी वडीलजन म्हणजे बाबाच. कोट घालून, जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून, तेवढ्यापुरतं मला "तुम्ही" म्हणत विचारायचे. तू टेबलाखाली बसून खुदखुदायचीस.

गेल्या शनिवारी मी मटार सोलत होते.

"तुमच्या मनात कुणाविषयी काही आहे का?"

"आहे."

बाबांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटलेसुद्धा होते. ते उघडले. "काय म्हणालीस?"

"आहे म्हटलं. जावयाविषयी."

"अगं, हा रीतीचा प्रश्न आहे."

"मग मीही रीतीनंच उत्तर देते आहे."

आणि मी त्यांना तुझ्या दाताचं सांगितलं.

उन्हाळ्यात तू दवाखान्यात आलीस. पुढचा दात तुटलेला. वाकताना नळावर आपटला म्हणालीस. मदतनीस रजेवर होती, म्हणून नोंदवही बाजूला ठेवून तुझ्या तोंडावर दिवा मी धरला. तू डोळे मिटून पडली होतीस, पण माझे उघडे होते ना. जबड्यावर बोटांचे वळ होते. नळाला बोटं नसतात, ठकू. डॉक्टरीणबाई हात धुताना हळूच म्हणाल्या, "घरी सगळं बरं आहे ना तिच्या?" मी हो म्हटलं. तू मला सांगितलं नाहीस, मी तुला विचारलं नाही, आणि आपण दोघी एकमेकींना जपतोय अशा समजुतीत आपापल्या घरी गेलो.

बाबांनी मटाराची सालं हातानं एका बाजूला सारली. मग म्हणाले, "आपल्याला क्षमा करायला सांगितलंय."

"करीन. प्रभूनं बळ दिलं तर करीनही. पण क्षमा करणं वेगळं आणि लेक परत त्याच्या हातात देणं वेगळं."

"मंडळीत काय सांगू मी?"

"आत्ता ऐकलंत तेच."

त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला. प्रार्थना राहूनच गेली.

रविवारी बाबा कुणाला काही बोलले नाहीत. भाकर घ्यायला आमची रांग उठली तेव्हा मी बसून राहिले. शेजारच्या काकूंनी कोपरानं ढोसलं, "चला की, पायाला मुंग्या आल्या काय?" मी मान हलवली. सगळी रांग माझ्या गुडघ्यांना घासत पुढे गेली. कुणा निजलेल्याला ओलांडून जाताना जसं अवघडतो, तसं अवघडत गेल्या सगळ्या. जावईबापूंनी गाता गाता एकदा माझ्याकडे पाहिलं. सूर हलला नाही. पुढे त्यांना भाकर तुझ्या बाबांनीच दिली. देताना बाबांचा हात थरथरला, असं तुला लिहायला मला फार आवडलं असतं. नाही थरथरला.

काल बायकांची प्रार्थनासभा आपल्याकडे होती. मी खुर्च्या मांडल्या. अंधारून आलं तशा रिकाम्याच परत भिंतीला लावल्या. बाबा जेवताना मीठ मागतात, तेवढंच बोलणं.

मी प्रभूला सोडलं असं समजू नकोस. पण इतकी वर्षं मी भरभर प्रार्थना करायचे, आणि आता बसते तर "ठकू" एवढंच तोंडातून येतं. त्याला ते पोचतं की नाही, कळत नाही. पोचतं असं धरून मी उठते आणि भांडी घासते.

सकाळी बाबांनी विचारलं, "लिहिलंस का तिला?" मी म्हटलं, "आज लिहिते." तर हे लिहिलं. परत जाऊ नकोस. जावई न्यायला आले तरी नको. बरोबर तुझे बाबा आले, रडले, तरी नको.

आणि एक. मी काही फार धीराची नाही, तुला ठाऊक आहे. हे घर फार गप्प झालंय आणि मला गप्प घर सोसत नाही. उद्या कदाचित मी थकेन, कुणीतरी शेजारी बसून सांगेल आणि मी माझ्याच अक्षरात तुला "जा बाई, नीट नांद" असं लिहीन. तसं पत्र आलं तर ते फाडून टाक. त्यात माझी सही असली तरी. ते मी लिहिलेलं नसेल, एवढं आजच सांगून ठेवते.

आज, गुरुवारी, पूर्ण शुद्धीत असलेली
तुझी आई