धोका क्रमांक तीन

सोमवार, १६ मार्च, सकाळी साडेनऊ

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (शिल्लक आहेत तेवढे सगळे पाठवले आहेत, जपून वापर.)

शनिवार, १४ मार्च रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुझ्या मुलीने माझा लेखी अपमान केला. वेळेत चूक नाही. चौतीस वर्षं आधी नर्स आणि मग मेट्रन म्हणून रोग्यांच्या तापाच्या वेळा लिहिल्या आहेत, तेव्हा स्वतःला ताप झाला ती वेळ चुकणं शक्य नाही. तोंडी अपमान मी कानाआड करते, वयोमानाने एक कान त्याच कामाला लावून दिला आहे. पण इथे कागद आहे, कागदावर रकाने आहेत आणि रकान्यात मी आहे.

तपशिलाआधी खुशाली विचारते, कारण मिशनच्या शाळेत सिस्टरांनी पत्राची तीच रीत शिकवली होती, मग मागाहून कितीही भांडायचं असो. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? (हे वाचण्याआधी मोज, वाचून झाल्यावर पुन्हा मोज.) तुझ्या बायकोच्या खांद्याचं दुखणं उतरलं का? तिला सांग, व्यायाम करायचे म्हणजे व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवायचा, असं नसतं. मी ठीक आहे. डावा गुडघा कुरकुरतो. सकाळी पहिल्या पायरीला, दुपारी खुर्चीतून उठताना आणि हवा बदलली की दोन दिवस आधी. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा. मी म्हटलं, आधी तुमचं करा. असो, गुडघ्याबद्दल जास्त लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

आता मुद्दा. दोन वर्षांपूर्वी चिमणीला इव्हेंट मॅनेजमेंटच्या कोर्ससाठी माझ्या घरी सोडताना तू दारात उभा राहून म्हणाला होतास की खुर्च्या मांडायला पदवी कशाला लागते. तरी फी भरलीस, पण अट घातलीस: कोर्स संपेपर्यंत हातात नोकरी नसेल तर मुकाट्याने घरी यायचं आणि तुझ्या औषधाच्या दुकानात काउंटरला उभं राहायचं. तो कोर्स या महिनाअखेर संपतो आहे, हे तुझ्या लक्षात असेलच, कारण तू दुकानात जादा स्टूल आणून ठेवल्याचं तुझ्या बायकोने मला कळवलं आहे.

खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मलाही तुझंच पटत होतं. ही मुलगी टेप घेऊन माझी बैठकीची खोली मोजायची आणि आग लागली तर इथून किती माणसं किती सेकंदांत बाहेर पडतील ते मला सांगायची. (तेरा माणसं. मी म्हटलं, तेरा माणसं मी मुळात आत घेणारच नाही.) शंभर पाहुण्यांमागे किती स्वच्छतागृहं, उभ्याने खाणाऱ्याला किती जागा, बसून खाणाऱ्याला किती, पाहुणे लवकर आले तर काय, आलेच नाहीत तर काय. एकदा दातांच्या डॉक्टरांच्या परिषदेत तीन दिवस उभं राहून तिने सहाशे लोकांच्या गळ्यात नावाचे बिल्ले अडकवले आणि घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडून म्हणाली, ‘आत्या, एकही बिल्ला चुकला नाही.’ तेव्हा मात्र मी पातेल्यात आणखी गरम पाणी ओतलं. सहाशे माणसांत एकही चूक नाही, हे काय असतं ते ज्याने वॉर्डात गोळ्या वाटल्या आहेत त्यालाच कळतं. तू दुकानदार आहेस, तुलाही कळायला हवं.

शेवटच्या परीक्षेला त्यांना खराखुरा कार्यक्रम करून दाखवावा लागतो. निदान शंभर पाहुणे, आणि मागच्या रांगेत परीक्षक. बाकीच्या पोरांनी मामाचं लग्न, काकाची पार्टी धरली. मी मोठ्या मनाने (हा शब्द अधोरेखित समज) तिला आमच्या निवृत्त परिचारिकांचा मेळावा दिला. मंडळाची अध्यक्ष मीच, म्हणजे तिची ग्राहकही मीच. एकशे बारा पाहुण्या, सरासरी वय एकाहत्तर. आणि प्रत्येकीने आयुष्यभर दुसऱ्याला ‘सरळ बसा’ असंच सांगितलेलं. याहून अवघड परीक्षा तिच्या कॉलेजलाही काढता आली नसती.

तर शनिवारी मी हॉलवर दोन तास आधी पोचले. (बोलावलं नव्हतं. पण माझाच कार्यक्रम.) स्टेजमागच्या खोलीत फुलांच्या परडीखाली एक फाइल होती. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत, असं सिस्टरांनी शिकवलं होतं आणि मी ते पाळते. पण कागदावर आपणच दिसलो तर तो कागद दुसऱ्याचा राहत नाही, असं माझं मत आहे. वर लिहिलं होतं ‘रिस्क रजिस्टर’. म्हणजे कार्यक्रमात काय काय बिघडू शकेल त्याची यादी, आणि प्रत्येक धोक्यापुढे तीन रकाने: शक्यता, परिणाम, उपाय. धोका क्रमांक एक, वीज जाणे. दोन, अचानक पाऊस. चार, कुणाला चक्कर येणे. आणि तीन? ‘आत्या (ग्राहक)’. शक्यता: जास्त. परिणाम: गंभीर. चक्कर येण्यापुढे नुसतं ‘मध्यम’ होतं, धाकट्या. म्हणजे म्हातारी बाई कोसळली तर मध्यम, आणि मी उभी राहिले तर गंभीर.

उपायांचा रकाना तर तू बसून वाच. ‘माईकपासून दूर, तिसऱ्या रांगेत कडेला बसवणे. आचाऱ्यांशी थेट बोलू न देणे. सोबत एक व्यक्ती कायम. स्टेजकडे निघाल्यास गुडघ्याची चौकशी करावी. सरासरी सहा मिनिटे जातात.’

मी फाइल होती तशी परडीखाली ठेवली आणि काही बोलले नाही. (हा माझा जन्मातला पहिलाच मौनाचा प्रयोग. त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.) मग पाच वाजल्यापासून एकेक उपाय माझ्यावर होताना मी पाहत बसले. सोबतीला तिच्या वर्गातली एक बाई दिली होती, दोन मुलं मोठी करून पुन्हा शिकायला आलेली, स्वभावाने लोण्यासारखी. स्वागताची फुलं उलटी धरली आहेत, एवढंच सांगायला मी उठले, तर ही म्हणाली, ‘आत्या, गुडघा कसा आहे हो?’ सरबतात साखर नाही हे कळवायला उठले, पुन्हा गुडघा. साडेसहापर्यंत त्या बाईने माझ्या गुडघ्याची नऊ वेळा चौकशी केली. डॉक्टरांनीही इतकी केली नव्हती. आणि लाजिरवाणी गोष्ट ही की मला सगळं माहीत असूनही नऊही वेळा मी उत्तर दिलं. घड्याळ पाहिलं, सरासरी सात मिनिटं भरली. म्हणजे तिचा आकडाही चुकलाच.

कार्यक्रम मात्र सुईच्या नाकातून ओवल्यासारखा चालला होता. चिमणीच्या हातात मिनिटामिनिटाचा कागद, कानात ते यंत्र, पायात कॅनव्हासचे बूट. जिन्याच्या दोन्ही बाजूंना हात धरायला माणसं, खुर्च्यांना हात आहेत, स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट उजेडाची. आमच्यातल्या एकीलाही कुठे काही विचारावं लागलं नाही. मग प्रमुख पाहुणे उठले. ते म्हणजे आमचे मोठे सर्जन, वय चौऱ्याऐंशी. कागदावर त्यांना सात मिनिटं होती. सात झाली, पंधरा झाली, पंचवीस झाली. पहिल्या शस्त्रक्रियेची पहिली चीर अजून पूर्ण व्हायची होती. आत जेवण निवत होतं, मागच्या रांगेत परीक्षक आणि एका मोठ्या कंपनीची बाई (नोकरीला माणसं हेरायला आलेली) घड्याळाकडे बघत होते. सूत्रसंचालकाने चिठ्ठी पाठवली, सरांनी तिच्यावर चष्मा ठेवला. आमच्या एकशे बारा जणी काय बोलणार? हे गृहस्थ वॉर्डात आले की आम्ही उभ्या राहत होतो. पाठीचा कणा निवृत्त होत नाही.

तेव्हा तुझी लेक वाकून माझ्या कानाशी आली. चेहरा पांढरा, पण आवाज सरळ.

‘आत्या, ऊठ. यांना थांबव.’

‘मला तिसऱ्या रांगेत कडेला बसवायचं ठरलं आहे ना? तसं लेखी आहे.’

तिला सगळं कळलं. दुसरी एखादी रडली असती, नाहीतर सबबी सांगत बसली असती.

‘माझ्यावर नंतर रागाव,’ ती म्हणाली. ‘आधी जेवण वाढायचं आहे.’

मी गेले. माईकला हात लावला नाही, मला माईक लागत नाही. स्टेजखाली उभं राहून, वॉर्डाच्या दारातून रोज संध्याकाळी सहा वाजता म्हणत असे त्याच आवाजात म्हटलं, ‘सर, भेटीची वेळ संपली.’ सर वाक्याच्या मधोमध थांबले, चष्मा खिशात घातला आणि ‘हो मेट्रन’ म्हणून जिना उतरू लागले. पण त्याबरोबर एकशे बारा जणीही उठल्या आणि सवयीने पर्स सावरत थेट बाहेरच्या फाटकाकडे निघाल्या. उपाशीपोटी, शिस्तीत. हा घोटाळा माझा, कबूल आहे. पण चिमणी ओरडली नाही. कानातल्या यंत्रात दोन अक्षरं बोलली, बाहेरच्या फाटकाचे दिवे मालवले, जेवणघराचं दार उघडून तिथले सगळे दिवे लावले आणि ती रांग पाण्यासारखी आपोआप आत वळली. कुणाला कळलंही नाही की आपण घरी चाललो होतो. मी चौतीस वर्षं माणसं ओरडून हलवली. हिने दिव्यांनी हलवली.

जेवण झाल्यावर त्या कंपनीच्या बाईने तिला विचारलं, भाषण लांबण्याचा धोका यादीत धरला नव्हता का? मी शेजारीच उभी होते. (योगायोगाने.) ती म्हणाली, ‘नाही मॅडम, ती माझी चूक. उपाय मात्र माझ्याकडे होता. तो मी धोक्यांमध्ये लिहिला होता.’ त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पर्समधून कार्ड काढलं. काल रविवार असूनही नोकरीचं पत्र आलं.

हे सगळं तुला कळवण्याचा हेतू असा की तू बाप आहेस. वडीलधाऱ्यांना पाऊस आणि चक्कर यांच्यामध्ये बसवू नये, हे संस्कार तुझ्याकडून राहून गेले आहेत. योग्य ती समज द्यावी.

तुझी,
ताई

ता. क. – समज देऊ नकोस. यादी कॉलेजात देण्याआधी तिने माझ्यासमोर ठेवली, तेव्हा मी लाल पेनाने दुरुस्ती केली आहे: ‘शक्यता: जास्त’ खोडून ‘खात्रीची’.

आणखी ता. क. – नोकरी दुसऱ्या शहरात आहे, एक तारखेपासून. कंपनीला शुक्रवार, २७ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत होकार हवा. ती ते पत्र उशीखाली ठेवून बसली आहे. बाबांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय जाणार नाही, म्हणते. तुला फोन करायला घाबरते, कारण तू ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणशील. मी नर्सिंगला निघाले तेव्हा आपल्या बाबांनीही मला नेमकं तेच म्हटलं होतं, पेपरातून मान वर न काढता. मग तीन वर्षं त्यांची ओळ नाही. हॉस्टेलच्या टपालाच्या कप्प्यात माझ्या नावाचं एकच कार्ड आलं, पेन्सिलीने लिहिलेलं: ‘ताई, मांजरीला चार पिल्लं झाली. तू शिक. मी इकडे बघतो.’ तू नऊ वर्षांचा होतास. ते कार्ड मी अजून ठेवलं आहे.

शेवटचं ता. क. – तेव्हा लेखी उत्तर हवं. तिच्या नावाने, गुरुवार, २६ मार्च, दुपारी बाराच्या आत, या पत्त्यावर. फोन केलास तर मी उचलणार नाही आणि तिलाही उचलू देणार नाही. लांबलचक नको. दुकानातल्या पुडीच्या कागदावर लिहिलंस तरी चालेल. पण ‘योग्य वाटेल ते कर’ लिहू नकोस. ‘जा’ असं लिही.