अप्पांच्या पेटीतली रात्र

प्रिय अप्पा,

तुमच्या शोकसभेत मी जे पत्र वाचलं, त्यात एक वाक्य खोटं होतं. ते दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे दुसरं पत्र. "अप्पा गेले, पाठोपाठ एका रात्री वीज गेली आणि त्यांच्या खाऱ्या पाण्याच्या काचपेटीतली जिवंत प्रवाळंही गेली," असं मी वाचलं. लोकांनी माना हलवल्या. आत्यानं डोळ्याला पदर लावला.

वीज गेलीच नव्हती, अप्पा. तुमची प्रवाळं उजेडानं मेली. आणि उजेड चालू ठेवणारी मी होते.

तुम्ही पेटीसमोरच्या खुर्चीतच गेलात. आईनं त्या जागी दिवा ठेवला. भेटायला येणाऱ्यांमुळं दार सारखं उघडं, दुसऱ्याच दिवशी तो वाऱ्यानं विझला. आत्या घाबरली. "वहिनी, दिवा इझला की! माणूस गेला तिथं उजेड पायजे."

आई पेटीकडं बघत म्हणाली, "मग ही लाईट राहू दे. त्यांनीच लावल्याली हाय. गौरे, बंद करू नको."

"आई, अप्पा म्हणायचे, प्रवाळाला रात्र लागते."

"ज्याला कळत होतं ते गेले. राहू दे."

मी दोन्ही टायमरच्या बाजूची बटणं दाबली. एक निळ्या दिव्याचा, एक पांढऱ्याचा. आता वेळ संपली तरी दिवे विझणार नव्हते. आठवडाभरात प्रवाळांचा रंग उतरला, मग काचेवर हिरवं शेवाळ चढलं. माणसं पेटीला हात जोडून चहा पिऊन जात होती. आणि मी, जिला सगळं माहीत होतं, चहाचे कप उचलत होते.

तुम्हीच शिकवलं होतं ना सगळं? शाळेत जायच्या आधी तुम्ही मला स्वयंपाकघरात ताटात मीठ पसरून अक्षरं गिरवायला लावायचात. चुकलं की मी घाईनं ताट हलवायची. तुम्ही हात धरायचात. "पुसायच्या आधी चूक बघ, माय." पुढं त्याच स्वयंपाकघरात तुम्ही समुद्राचं मीठ मोजून पाण्यात कालवायला लागलात. शेजारचे काका विचारायचे, "अप्पा, मीठ तर घातलं, आता माशाला तेल कधी घालायलात?" तुम्ही हसायचात. गंगाखेडात समुद्र आणणारा एकटा माणूस म्हणून तुम्हाला ते आवडायचंच.

पेटीच्या बाजूला तुम्ही चिकटवलेला कागद अजून आहे. अकराला निळा दिवा. एकला पांढरा. सहाला पांढरा बंद. आठला निळाही बंद. खाली तुमच्या अक्षरात, "रात्र सगळ्याला लागती." सगळ्याला? आईला किती लागत होती ते कधी लिहिलंत? दुकानातून आल्यावर आधी पेटीचं तापमान, मग जेवण. आई ताट झाकून बसायची. पाण्याचं तापमान दिवसातून दोनदा बघणाऱ्या माणसानं स्वतःचं बीपी वर्षभर बघितलं नाही. छातीत जड वाटतंय म्हणालात त्या रविवारी पाणी बदलायचं होतं. "उद्या जाऊ दवाखान्यात." मी तुमच्यावर फार चिडले आहे, अप्पा. हे कुठल्याच सभेत वाचता येत नाही.

आणि इन्व्हर्टर. त्याची लाईन पेटीला होती, स्वयंपाकघराला नव्हती. पाच उन्हाळे वीज गेली की आई पुठ्ठ्यानं वारा घेत भाकरी करायची आणि बाहेर तुमच्या समुद्रात लाटा चालू असायच्या. म्हणजे वीज जाऊन पेटी मरूच शकत नाही, हे आईइतकं कुणाला माहीत असणार? मी वाचत होते तेव्हा ती समोर बसली होती. बाकीच्यांबरोबर तिनंही मान हलवली. मी तिच्यासाठी खोटं बोलले, की तिनं माझ्यासाठी ते गिळलं? हेही मला तिला विचारता आलेलं नाही.

दीड महिना झाला. लाईट अजून चालूच आहे. पेटीतले दोन मासे जिवंत आहेत. प्रवाळांपैकी मागच्या दगडाच्या सावलीत बटणांसारखी पाच फुलं उरली आहेत. काल बघितलं तर त्यातली दोन मिटलेली होती. आणखी थांबले तर तीही जातील, आणि मग सांगायला नुसती माफी उरेल.

म्हणून मी नवा कागद लिहिला आहे. पहिला आठवडा बारा ते सहा निळा दिवा, त्यात दोनच तास पांढरा, तोही मंद. मग दर आठवड्याला दोन्ही दिव्यांची वेळ अर्धा अर्धा तास वाढवायची. तुमच्या वेळेपर्यंत पोचायला सात आठवडे लागतील. घाई करणार नाही. खुर्चीच्या जागी काचेची चिमणी लावलेला तेलाचा दिवा ठेवेन, म्हणजे वाऱ्यानं विझणार नाही. आणि इन्व्हर्टरची एक लाईन स्वयंपाकघरात घेईन. त्यासाठी मी तुमची परवानगी मागत नाही.

आईचा सोमवारचा उपास सुटला की तिला पेटीजवळ बसवून ती पाच फुलं दाखवेन. वीज गेली नव्हती, हे तिच्या तोंडावर सांगेन. ती रडेल, कदाचित म्हणेल की तू त्यांना दुसऱ्यांदा विझवलंस. म्हणू दे. चूक आधी दोघी बघू, मग मी दोन्ही बटणं उचलेन आणि पेटीत रात्र होऊ देईन. येत्या सोमवारी, संध्याकाळी साडेसातला.

तुमची,
गौरी